एकोणीस सेकंदांचा हशा

मास्तर : पहिले अकरा प्रयोग : तिसऱ्या अंकात गडी टेबलावर चढून मालकाची निंदा करतो आणि मालक त्याच्या मागेच उभा असतो, त्या जागी सरासरी एकोणीस सेकंद हशा. बारावा, तेरावा आणि चौदावा प्रयोग : त्याच जागी शून्य.

भाची : वही मिटा, मास्तर. तुम्ही आमचे प्रॉम्प्टर आहात, शवविच्छेदन करणारे डॉक्टर नव्हे.

मास्तर : चौतीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. प्रेत दिसलं की कारण विचारायची खोड जडली आहे.

भाची : कारण काही का असेना. प्रसंग मेलाय. दिग्दर्शक म्हणून मी तो आज संध्याकाळच्या प्रयोगापासून कापतेय.

मामा : काप, काप! सख्ख्या मामाच्या मानेवर सुरी फिरव. तो प्रसंग गेला की नाटकात माझ्या वाट्याला उरतात दोन वाक्यं. 'कोण आहे रे तिकडे' आणि 'दिवा विझव, तेल जळतंय'. एवढ्यासाठी मी दाढी चिकटवून घेऊ? पंचविसाव्या वर्षापासून कंजूष म्हातारा करतोय मी. चाळीस वर्षं झाली. आता कुठे त्या भूमिकेच्या वयाचा झालोय!

भाची : मला काय हौस आहे का मामा? परवा तू गड्याच्या मागे येऊन उभा राहिलास, त्यानं तुझी आठ वाक्यं निंदा केली, मग तू खाकरलास आणि लोक काय झाले? दचकले! हसायच्या जागी दचकले.

मास्तर : पहिल्या रांगेतल्या एका बाईंच्या हातातली चष्म्याची डबी पडली. नोंद आहे.

मामा : ते त्या गड्यामुळे. शब्द चघळतो नुसता. टेबलावर चढून माझी नक्कल करतो म्हणे! माझी नक्कल करायला आधी माझ्याएवढं पोट लागतं.

मास्तर : त्याची आठ वाक्यं अकराव्या प्रयोगात एकेचाळीस सेकंदांत झाली. बाराव्यातही एकेचाळीस. गडी निर्दोष.

मामा : मग प्रेक्षक! बाराव्याला सगळे दातांचे डॉक्टर होते. दुसऱ्याचं तोंड उघडायचं ठाऊक, स्वतःचं नाही.

मास्तर : तेराव्याला कॉलेजची मुलं होती. चौदाव्याला तिकीट काढून आलेले साधे लोक. तीन वेगळ्या जमावांना एकाच आठवड्यात एकच रोग होत नाही.

भाची : मी सांगते रोग. विनोद शिळा झालाय. मालक मागे उभा आणि नोकर त्याला शिव्या घालतोय, ही युक्ती किती जुनी असेल?

मास्तर : सव्वादोन हजार वर्षं, निदान.

भाची : मग झालं तर!

मास्तर : उलट आहे, बाई. सव्वादोन हजार वर्षं जगलेली युक्ती एका मंगळवारी अचानक म्हातारी होत नाही.

मामा : वा! हे माझ्याबद्दलसुद्धा लागू आहे हं.

मास्तर : ग्रीकांच्या अगदी जुन्या सुखात्मिकेत चोवीस जणांचा वृंद नाचत गात येई. नट पोटाला उशा बांधत आणि गावच्या पुढाऱ्यांची नाव घेऊन खिल्ली उडवत. पुढे पुढारी गेले, वृंदही मागे पडला, आणि नाटक रस्त्यावर आलं. दोन घरं, दोन दारं. कंजूष बाप, बढाईखोर शिपाई, लबाड गुलाम. रोमनांनी ते सगळं दारांसकट उचलून नेलं. पुढे इटलीत मुखवटे घालून फिरणारे नट आले, त्यांचाही म्हातारा कंजूषच. त्यानंतर अशी प्रहसनं आली की एका खोलीला पाच-पाच दारं, आणि प्रत्येकामागे कुणी ना कुणी लपलेलं.

मामा : आणि मग मी.

मास्तर : आणि मग तुम्ही. माणसं बदलली, भाषा बदलल्या, दार राहिलं.

भाची : मास्तर, चार वाजता नट येतील. इतिहास पुरे.

मास्तर : एकच गोष्ट राहिली. त्या जुन्या नाटकांत एक चमत्कारिक सवय आहे. घरातून कुणी बाहेर यायच्या आधी रंगमंचावरचं पात्र म्हणतं, 'दार वाजलं, कुणीतरी येतंय.' कशासाठी? उघड्यावरचं नाट्यगृह, हजारो माणसं, तोंडावर मुखवटे. प्रेक्षकानं कुठे बघायचं ते त्याला कुणीतरी सांगावंच लागे. तेव्हा बाई, आपल्या म्हाताऱ्याचं ते मागचं दार जरा उघडता?

मामा : दाराचं काय आता? पडूनबिडून जाईल. जुनं आहे.

भाची : उघडते. बघू काय होतंय.

(ती दार उघडते. आवाज होत नाही.)

मास्तर : काय ऐकलंत?

भाची : काही नाही.

मास्तर : मीही. अकरा प्रयोग हे दार चांगलं करकरत होतं. पण त्याचं डोक्यावरच्या पंख्यासारखं असतं. चालू असतो तोवर ऐकू येत नाही, बंद पडला की कळतं. संहितेत तो आवाज लिहिलेला नाही, म्हणून तो नाहीसा झाल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही. ग्रीकांना लिहावं लागे ते आपल्याला फुकट मिळत होतं.

भाची : थांबा, थांबा. गडी पुढे टेबलावर असतो. लोक त्याच्याकडे बघत असतात. दार मागे, कोपऱ्यात...

मास्तर : करकरलं की नजरा तिकडे वळत. गड्याला मात्र ऐकू येत नसे, कारण ऐकू न येणं हे त्याचं काम. मग प्रत्येक शिवीगणिक लोकांना माहीत, की म्हातारा मागे उभा आहे. आता आवाज नाही. आठ वाक्यं म्हातारा अंधारात एकटाच उभा. तो खाकरतो तेव्हा लोकांना आणि गड्याला एकदमच कळतं. गड्याआधी कळलं तर माणूस हसतो. गड्याबरोबर कळलं तर दचकतो.

भाची : पण दार गप्प केलं कुणी? सुताराला मी हात लावू दिला नव्हता. बघू बिजागरी... चिकट आहे. आणि हा वास... मामा.

मामा : काय?

भाची : मामा, हे तुझं गुडघ्याचं तेल आहे.

मामा : हल्ली बाटल्या चोरीला जातात. या नाट्यगृहात कशाचाच भरवसा नाही.

मास्तर : सोमवारी तालमीनंतर दाराजवळ तुम्ही एकटेच होतात. मी विचारलं तर म्हणालात, 'गुडघा चोळतोय.' चौकटीला टेकून, हात वर करून गुडघा चोळणारा माणूस मी प्रथमच पाहिला.

भाची : नाचता येईना, अंगण वाकडं हे ऐकलं होतं. इथे नाचणाऱ्यानंच अंगण वाकडं केलंय! का रे असं केलंस?

मामा : का म्हणजे? दार वाजलं की हशा सुरू! मी अजून एक पाऊल टाकलेलं नाही, भुवई उचललेली नाही, आणि खाली लोक लोळतायत. चाळीस वर्षं मी ही भुवई घासूनपुसून ठेवलीय, आणि टाळी घेणार कोण, तर गंजकी बिजागरी! म्हटलं, एकदा बघू तरी. ते नसताना लोक मला हसतात का.

भाची : आणि?

मामा : बघितलंस ना. तीनदा बघितलंस. मास्तरांच्या वहीत आहे. शून्य. म्हणजे अकराही प्रयोग दारालाच हसत होते. काप तो प्रसंग. माझी काही तक्रार नाही.

मास्तर : एक मिनिट. निष्कर्ष काढायची घाई करू नका, मामा. तुम्ही एकच पान वाचलंत. पहिल्या अंकात याच दारातून मोलकरीण पाच वेळा बाहेर येते. अकरा प्रयोग, पंचावन्न वेळा. दार पंचावन्न वेळा करकरलं. हशाची नोंद किती, ठाऊक आहे?

मामा : किती?

मास्तर : शून्य.

मामा : एकदाही नाही?

मास्तर : एकदा एक गृहस्थ शिंकले. दार तेच, बिजागरी तीच, आवाज तोच. फरक एवढाच, की तिसऱ्या अंकात दारामागे तुम्ही असता, आणि ते लोकांना ठाऊक असतं.

भाची : ऐकलंस? रडू नकोस आता, दाढी अजून चिकटवायचीय. मेकअपच्या खोलीत रॉकेल आहे. चिंधी घे आणि स्वतःच्या हातानं पुसून काढ.

मामा : हो, हो, पुसतो. खिळासुद्धा काढून पुसतो. मास्तर, जरा पलीकडून दार धरा. हां. आता ओढ गं. ओढ, ओढ!

भाची : कर्रर्र! गळा चिरल्यासारखं ओरडतंय.

मामा : आई गं, काय सुरेल आहे!

भाची : प्रसंग राहील. पण पुन्हा तेलाची बाटली दिसली तर गुडघ्यासकट कापीन.

मास्तर : चाळीस वर्षं दिवा विझवायला सांगणाऱ्या कंजुषानं एकदाच सढळ हातानं तेल ओतलं, तेही चुकीच्या जागी. असो. आता नोंद करतो. 'हशा नाहीसा होण्याचं कारण : मागच्या दाराच्या बिजागरीला तेल. म्हातारा आल्याचं प्रेक्षकांना गड्याच्या आधी कळायचं, ते कळेनासं झालं. दोष युक्तीत नाही, गड्यात नाही, नटात नाही.'

मामा : ते 'नटात नाही' जरा ठळक लिहा, मास्तर.