माकडिणीचा उष्टा आंबा

उमाकाओ शहरातल्या दवाखान्यात रांगेत माझ्यापुढे प्रयोगशाळेतली माकडं सांभाळणारा एलाडिओ बसला होता. हाताला बँडेज, शेजारी बायको नेरेइदा.

"हातावरच्या या गळवातले जंतू कुठल्याच औषधाला दाद देत नाहीत म्हणे. माकडिणीलाही तेच लागलेत."

"तरी सांगत होते, ती तुला रोग देईल!"

"उलटं झालंय. माझेच तिला लागले. मी आधी चावा घेतल्याशिवाय ती आंब्याला तोंड लावत नाही."

"मला कधी भरवलास का रे आंबा?"

"डॉक्टर म्हणाले, अर्धवट गोळ्या खाल्ल्यामुळे जंतू माजले."

"अर्धवट कशाला खाल्ल्यास?"

"तूच दिल्यास. तुझ्या आईच्या दातदुखीतल्या चारच उरल्या होत्या."

"बरं, हळू बोल."

"आईंनाही तपासायला बोलावलंय. माकडीण त्यांच्या गोळ्यांनी आजारी पडली, हे त्यांना कोण सांगणार?"

"तूच सांग. चावऱ्या जनावरांची सवय तुला आहे."