दुसऱ्यांदा विचारलंच न्हाय

चहासुद्धा न्हाय वो! म्हणजे विचारलं त्यानं, खोटं कशाला बोलू... पण एकदाच! तुमाला सांगतो, एवढं इमानात बसून इंग्लंडला गेलो, जिवाभावाच्या दोस्ताच्या घरी गेलो, आणि उपाशी परत आलो, कारण त्यानं दुसऱ्यांदा विचारलंच न्हाय!

आता तुमी म्हणाल, कॉलेज अर्ध्यात सोडून निमगाव केतकीत डाळिंबाला औषध मारणारं पोरगं तिकडं गेलं कसं? आमचा आबा! बागाईतदारांच्या अभ्यास सहलीत नाव घातलं, आणि व्हिसाच्या टायमाला इमानाला घाबरला. घाबरलो म्हणंल का? "गुडघा धरलाय, पोराला धाडा, तेवढंच वळण लागंल." मग काय, सगळी म्हातारी आणि मी! लंडनच्या दुकानात आमच्यातला एक आप्पासाहेब डाळिंब उलटंपालटं करून वराडतोय, "आरं, ह्याच्यापेक्षा माझं टाकाऊ बरं!" आणि बाकीची माना हलवत्यात. अभ्यास! मोकळा दिवस मिळाला, तसा रेल्वेत बसलो नि दीपककडं सुटलो.

दीपक म्हणजे शाळेत माझ्या बाकावरचा. आता तितं समुद्रकाठच्या एका गावात, तो आणि त्याची बायको रेश्मा, दोघं वृद्धाश्रमात कामाला. हितल्या म्हाताऱ्यांना कटाळून पळाला, आणि तितं म्हाताऱ्यांनाच आंघोळी घालतोय! पण मला त्याच्याकडं एकच पायजे व्हतं... आज रातीला राहा म्हणावं त्यानं. बास. गावात माझ्याशी बोलायला कोण उरलंय? पोरं गेली, आणि म्हातारी बोलत न्हाईत, नुसती सांगत्यात.

पोचलो. "चहा घेणार?" "नको रं, कशाला." आणि हा बसला की खाली! मी वाट बघतोय. समोर केटल, बाजूला बिस्किटं... दुसऱ्यांदा विचारलंच न्हाय!

ह्यो सगळा आबाचा पराक्रम. लहानपणी कऱ्हाटीला आत्याकडं, एका बोलवण्यात लाडू उचलला म्हणून भर पंगतीत पाठीत धपाटा! "हावरट! तीनदा म्हणू द्यावं माणसानं, मग घ्यावं!" आणि स्वतः? स्वतः तिसऱ्यांदा म्हणायच्या आत चार लाडू गिळून बसलेला!

आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी रेश्माच्या हातात दिली, तर तिनं उभ्या उभ्याच बोट घातलं डब्यात. डोळं पुसत म्हणली, "गावाकडचं कुणी पैल्यांदाच आलं वो आमच्या घरी." आतनं असं भरून आलं... म्हणलं, आता म्हणंल, जेवायलाच थांबा. तर डबा घेऊन आत गेली.

मग दीपकनं समुद्रावर नेलं. वाळू न्हाय, नुसतं गोटं, आणि वारा असा की कान गेलं. बटाट्याच्या कापांचा पुडा घेतला त्यानं. "खाणार?" "नको, तू खा." खाल्लं की त्यानं! तेवढ्यात एक पांढरा पक्षी आला, हे एवढं धूड, आणि पुड्यात चोच घालून गेला घेऊन! त्याला तर कुणी एकदाबी विचारलं नव्हतं!

घरी आलो. शेवटचा डाव टाकला. "निघतो मग." आपल्याकडं निघतो म्हणलं की कसं अंगावर येत्यात! "काय आग लागलीया का? बस की गपगुमान!" दारात आणखी तासभर जातो. आणि दीपक? घड्याळ बघितलं त्यानं. मग जाकीट घातलं. "चल, स्टेशनपतुर येतो."

गाडीत बसलो, तो गेला, आणि फोन वाजला. दीपकच. आवाज बारीक.

"आरं, तुला घाई हाय वाटलं म्हणून बोललो न्हाय. रेश्मानं मटकी भिजवलीया सकाळपासनं. तुझ्यासाठी गादीबी आणलीया नवी... उतरतूस का खाली?"

गाडीचं दार उघडंच व्हतं वो! पिशवी मांडीवर व्हती! पायबी उठलं व्हतं! आणि हे थोबाड... हे आबानं घडवलेलं थोबाड म्हणलं, "नको रं, उगं तरास कशाला तुमाला."

आणि फोन कानाला दाबून थांबलो.

दार लागलं. गाडी हलली.

"बरं," दीपक म्हणला.

घरी आल्या आल्या आबानं पैलं काय विचारलं? "दोस्ताकडं हावरटपणा तर न्हाय ना केलास?"

न्हाय आबा. लई वळण लागलंय.