आग्रह

टेक्सासमधल्या अर्विंगच्या इंडियन ग्रोसरीत बिलाच्या रांगेत माझ्या पुढे एक सासू-सून होत्या.

"सावनी, नातीनं साप पाळला, मी काही बोलले नाही. पण पाच आठवडे पोटात कण नाही म्हणजे काय!"

"आई, चकली लहान आहे अजून, बुजते. डॉक्टर म्हणाले ना, फ्रोझन उंदीर कोमट करून ठेवायचा आणि खोलीतून निघून जायचं."

"पान वाढून निघून जायचं? आपल्यात नाही बाई अशी पद्धत. मी आपली समोर बसून म्हणायचे, घे गं, एवढा एकच."

"म्हणूनच ती दगडाखाली जाऊन बसायची. काल आपण देवळात गेलो आणि हिनं अख्खा उंदीर संपवला."

"म्हणजे माझी पाठ वळली की खाते!"

"तसं नाही हो, आई."

"बरं, आपल्या शाकाहारी घरात फ्रीजरमधलं ते चिकन माझा यतीन चकलीसाठीच आणतो ना?"

"हो... म्हणजे, तिच्याचसाठी."

"मग गेल्या पाच आठवड्यांत तीन पाकिटं कुणी संपवली?"

"आई, पुढे व्हा, आपला नंबर आला."