नळाच्या खटल्याची पेटी

"हॅलो?… कोण?… तेक्ला? अगं, या वेळेला? सगळं गाव झोपलंय दुपारचं. तुमच्या बोलोन्यात डोळा नाही का लागत कुणाचा?… हो, हो, येतंय ऐकू. खरखर ना? दिव्यांच्या कमानी उभ्या करतायत गं चौकात. ती पोरं दुपारीसुद्धा झोपत नाहीत. तारा ओढतात नि आमचा फोन मरतो… बोल, बोल."

कोझिमिनानं अंजिरं चिरायची सुरी एप्रनला पुसली. एरवी भाचीचा आवाज आला की तिचं काळीज सुपाएवढं व्हायचं. आज मात्र तिची नजर आधी जिन्याखाली गेली.

"जेवले, जेवले. तू?… नुसती कॉफी? शोभतेस वकिलाची लेक. तुझा बापही असाच. खटला असला की कॉफीवर जगायचा आणि माझी वांगी मांजराला… हो, सांग ना."

"…उद्या? त्या दप्तरखान्याच्या बाई तुझ्या बापाचे कागद न्यायला उद्या येणार? सण झाल्यावर यायचं ठरलं होतं ना?… अगं परवा संत रोक्कोची मिरवणूक. गाडी लावायला जागा नाही गावात… नाही, नाही, मी कशाला नको म्हणू? येऊ देत की. अंजिरं देईन बांधून."

"पेट्या ना? आहेत. जिन्याखालीच आहेत. चादर घातलीय वर… हो, तंबाखूच्या कारखान्यातल्या पोरींची आहे. गटारांची आहे. मुलींच्या शाळेची आहे. नगरपालिकेशी झालेली भांडणं तर काय, उघडली की अजून आवाज येईल त्यातून… नळाची?"

तिनं फोनची वेटोळी वायर बोटाभोवती गुंडाळायला घेतली.

"नळाच्या खटल्याची म्हणतेस… अगं मला सांगतेस नळ म्हणजे काय ते? नगराध्यक्षानं खालच्या आळीचा नळ उपटायला माणसं धाडली, तेव्हा तुझा बाप स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून गेला नि नळापुढं मांडून बसला. भर ऑगस्टात, सूट नि टाय घालून. 'कोर्टाचा हुकूम दाखवा, उठतो.' खुर्ची माझी होती ती. बटाटे कुठं बसून सोलू, विचारलं का त्यानं?… हो, भाषणाची टिपणं त्यातच. त्याच्या हातची, हो… त्या बाईंना आधी तीच बघायचीय? असं म्हणाल्या?"

"…आहे, आहे मी. गेले नाही कुठं. ऐक ना, तेक्ला… त्या पेटीला ओल लागली."

बोलून गेली, आणि जीभ चावावी तर शब्द तारेवरून केव्हाच पुढं गेलेला.

"थंडीत गं… वरून, छतातून. त्या कोपऱ्यात गळतं ना… लगदा झाला सगळा."

लगदा झाला, एवढंच त्यात खरं होतं.

"नाही, नाही वाचलं काही… अगं, तेक्ला. रडू नकोस. रडतेस काय अशी?… तुझी चूक? तुझी कशी?… छत मी बघायचं का तू? तू तिकडं सातशे किलोमीटरवर… नाही गं बाळ, तू कुठं आलीस यात?… असं नको म्हणूस. आई बघते वरून, असं नको म्हणूस."

भाची चिडली असती तर कोझिमिनानं सोसलं असतं. आयुष्यभर भावाचं ओरडणं ऐकून कान तयार झाले होते. पण ही पोर चूक आपल्याच पदरात ओढून घेऊ लागली, तशी ती भिंतीला टेकत टेकत खाली बसली. अंजिरांवर माश्या आल्या होत्या. तिनं हाकलल्या नाहीत.

"थांब. तेक्ला, थांब जरा, मला बोलू दे. मध्ये बोलू नकोस, नाहीतर व्हायचं नाही माझ्यानं. संत रोक्कोचा जुना पुतळा किडीनं पोखरला, सांगितलं होतं ना तुला? नवा करायचा ठरला. कागदाचाच, आपला मूर्तिकार उच्चो करतो तसा, खळीनं थरावर थर देऊन. फादर पान्तालेओ वेदीवरून म्हणाले, रद्दी विकत आणायची नाही. घराघरानं आपला कागद द्या, म्हणजे सगळं गाव संताच्या अंगाला लागेल. मग लोटलं की गाव. कुणी लग्नाच्या पत्रिका दिल्या, कुणी पोरांच्या वह्या. शेजारच्या विताबाईनं नवऱ्याची लढाईवरची पत्रं दिली. आणि तुझ्या बापाचं काही नाही त्यात. ज्यानं पाणी दिलं गावाला, त्याचं काही नाही. मी गेले आणि पेटी उचलली. कुठली उचलायची, कळत होतं मला. सगळ्यात चांगली तीच होती, म्हणून तीच उचलली. संताला काय खालच्या प्रतीचं द्यायचं?

"तू शेवटी नव्हतीस इथं. फादर शेवटचं तेल लावायला आले, तर दोनातोनं, तुझ्या बापानं, भिंतीकडं तोंड केलं. मी पाठीमागं उभी. त्याची पाठ बघत उभी, तेक्ला. मेल्यावर देवळात नाही नेलं त्याला, त्यानंच बजावलं होतं. तेव्हापासून मी जपमाळ ओढते नि डोळ्यापुढं पाठच येते. आणि देव मानत नव्हता म्हणतात. मग उपासाच्या दिवसांत येशूचे हाल गात ते दोघं गवई दारी यायचे, तेव्हा लेखणी का ठेवायचा खाली? खिडकी सताड उघडायचा. 'गळा चांगला आहे म्हाताऱ्याचा' म्हणायचा. गळ्यासाठी कुणी डोळे पुसतं का? मी म्हटलं, तो नाही गेला आत, निदान त्याचं अक्षर जाऊ दे. गावच्या खांद्यावरून जाऊ दे. त्याला विचारलं नाही. तुलाही नाही विचारलं… शिव्या दे मला. तेक्ला?… हॅलो?… हॅलो?"

फोनमधून नुसती टूं टूं येत होती. बाहेर चौकात कुणीतरी 'ओढ, ओढ' म्हणून ओरडत होतं.

कोझिमिनानं रिसीव्हर जागेवर ठेवला आणि छातीवर क्रूस केला. इतकं बोलली, पण ऐकलं कुणी, ते तिला कळेना. तेवढ्यात पुन्हा घंटी वाजली.

"हॅलो?… हो, गेली होती लाईन. तरी म्हटलं… तू कुठवर ऐकलंस?"

"…'असं नको म्हणूस'पर्यंत. हं. पुढचं नाही काही… नाही, विशेष नाही. बोलत होते आपली… काय लिहून देणार आहेस त्यांना?… ओल लागली म्हणून… 'माझ्या हलगर्जीपणामुळं'. असं लिहिणार? सही करून?… आणि ते त्यांच्याकडं राहणार. बापाच्या कागदांशेजारी."

सगळं मिटलंच होतं. नुसतं 'बरं' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. उच्चो झोपेतून उठला असता, रंगाआधीचा खडूचा पांढरा लेप ढवळला असता, आणि दिवेलागणीपर्यंत संतासह सारं झाकलं गेलं असतं.

"तेक्ला. ओल नव्हती."

"…नाही, छत धड आहे. संत रोक्कोच्या अंगात गेली ती पेटी. मी नेऊन दिली उच्चोला. माझ्या हातानं… ठाऊक होतं ना. चांगलं ठाऊक होतं काय आहे त्यात… कारण त्याला देवळात न्यायचं होतं मला. एवढंच. बाकी लांबलचक आहे, मघाशी तारेला सांगून झालं."

"…हो… हो… बरोबर आहे तुझं… चोरीच ती… हो, मला नव्हता अधिकार… ओरड. ऐकतेय मी."

तिनं रिसीव्हर कानापासून दूर नेला नाही. शेवटी तेक्लानं काहीतरी विचारलं.

"…काय?… लेप? नाही, अजून नाही लावला. उच्चोचं सगळं ऐनवेळी… कागदच आहे वर. दिसतं की. काल डबा द्यायला गेले होते ना मी. कुठं कुठं शाई पसरलीय खळीनं, पण मांडीवर अख्खं पान आहे. पाठीवर आहे. संताच्या पायाशी बसलेल्या कुत्र्याच्या कानावर 'माननीय न्यायाधीश महाराज' आहे… हो, वाचता येतं. त्याचा तो मोडका 'त'सुद्धा कळतो."

"…आजच. झोपून उठला की लावणार… त्या बाई कॅमेरा आणतील? कधी, सकाळी?… अगं पण मग रंग कधी चढायचा? संत तसाच निघेल, बिनरंगाचा, अंगभर अक्षरं घेऊन. फादरांचं तोंड बघवायचं नाही. गाव फाडून खाईल मला… हो. ते खरं. माझीच चूक, मीच निस्तरायची… नाही, दुकानात फोन नाही उच्चोच्या. आणि त्याला सांगून तो थोडाच ऐकणार… तू? आजच्या गाडीनं? ये. बापाची खोली झाडून ठेवते… बरं, नको बोलूस माझ्याशी. न बोलता ये."

कोझिमिना उठली. गुडघ्यावर हात ठेवून, भिंतीला धरून.

"उच्चोला अडवणार कशी म्हणजे? खुर्ची आहे ना घरात… तीच, दुसरी कुठली? एक पाय डुगडुगतो, पण बसता येतं… संताच्या पुढ्यात, हो. बघते कोण कुंचला पुढं करतो ते… कोर्टाचा हुकूम? मागेन की. बापाचं वाक्य आहे, वाया कशाला घालवू… सूट कुठला, एप्रनवरच जाते. ठेव आता, तेक्ला. उच्चो उठेल… ठेव गं. खुर्चीला दोन्ही हात लागतात."