भाडेकराराचा साक्षीदार

भाडेकरार नोंदवायच्या रांगेत, दुकानाचा करार घेऊन आलेल्या एका शिंपीणबाईंच्या पुढेच बापलेक उभे होते. ऐकायचं नाही म्हटलं, तरी कान काही मिटता येत नाहीत.

“बाबा, अकरा महिन्यांचा तर प्रश्न आहे.”

“मागच्या खेपेलाही अकराच होते.”

“भाडेकरू चांगला आहे. त्याच्या भाड्यातून कर्जाचा हप्ता सुटतो. तुम्ही तिथे राहायला गेलात तर हप्ता कोण भरणार?”

“माझं घर विकून पैसे तुझ्या हातात ठेवले, तेव्हा म्हणाला होतास, हा फ्लॅट तुमच्यासाठीच घेतोय.”

“तुमचाच आहे की! आणि आमच्याकडे काय कमी आहे तुम्हाला?”

“काही नाही रे. सूनबाईचा टीव्ही बंद होईपर्यंत हॉलमध्ये माझी गादी पडत नाही, एवढंच.”

“लोकांसमोर नको हं, बाबा.”

“बरं. मग पेन्शनमधून मीच भाडं देतो. मलाच ठेव भाडेकरू.”

“आणि डिपॉझिट कुठून आणाल?”

तेवढ्यात खिडकीतल्या कारकुनाने मान वर केली.

“साक्षीदार कोण?”

“हे.” मुलाने बापाला पुढे केलं.

“काका, इथे सही करा. घरमालक तुमचे कोण लागतात?”

म्हातारबाबांनी सावकाश, वळणदार सही केली.

“कोणी नाही. लिहा, ओळखीचे आहेत.”