माझ्या भिंतीवरची पूररेषा

तोच किस्सा किती वेळा सांगायला लावता राव? बरं, ऐका.

कोल्हारला नदीकाठच्या घरांवर पुराची लाल रेषा मारायला सरकारी मानूस आला. माझा शेजारी अगदी प्रवरेला खेटून राहतो. त्याच्या भिंतीवर छातीइतकी रेषा येनार हुती. तो हात जोडून म्हनाला, "सायेब, उद्या पोराच्या सोयरिकीला पाव्हनं येनार. रेषा बघून चहा न घेता जातील. आबांच्या भिंतीवर मारा, त्यांच्याकडं आता कोन येतंय?"

मी तवा दाढी करायला गेल्तो. परत येतो तर टेकाडावरच्या माझ्या घराला छातीइतकी लाल रेषा!

यंदा धरनाचं पानी सुटलं. मी वट्यावरून वरडलो, "आरं, बायकापोरं घेऊन वर ये!"

हा घरात गुडघाभर पानी असताना खाटेवर मांडी घालून म्हनतो, "आबा, घाबरता काय? पानी अजून रेषेला कुठं लागलंय?"

खाट तरंगली तवा आला. दोन दिवस माझ्याकडं जेवला आन् जाताना मलाच म्हनतो, "आबा, दुसरीकडं घर बघा. तुमच्या भिंतीवर रेषा हाय."

माफी अजून मागितली न्हाई त्यानं. कुनी म्हनून काय इचारता? ह्याच शेजाऱ्यानं, दत्तू म्हस्केनं!