झाकणावरचा अंगठा

कोल्हापूर स्टँडवर गारगोटीची एसटी अजून उभीच होती. माझ्या शेजारी, खिडकीकडच्या दोन जागांवर, एक नवरा-बायको लॅपटॉप न घेताच गावी परत निघाले होते.

"दुकानात लॅपटॉपवर अंगठा काय दाबत हुतीस गं? म्हस घ्यायला गेलतो व्हय आपण?"

"त्या स्वस्तातल्याचं झाकण दाबलं की आत जात हुतं. बिजागरी बी ढिली हुती."

"आत सगळं सारखंच हाय म्हणाला की दुकानदार. मग महागातल्याच्या नुसत्या वरच्या पत्र्यासाठी एवढं पैसं कशाला?"

"पत्र्यासाठीच."

"अगं, पूर्णिमा सोत्ता म्हणाली, पप्पा, स्वस्तातला चालंल."

"तिला चालंल. पर तिचा राग ठावं हाय न्हवं? घरातल्या कपाटाचं दार आपटून आपटून बिजागऱ्या बदलायची पाळी आली."

"राग माझ्यावर गेलाय तिचा. पर घटकाभरानं येऊन तुझ्या गळ्यात पडती की."

"हितं पडती. पुण्यात खोलीवर कुणाच्या गळ्यात पडंल? पेपर अवघड गेला, कोण टाकून बोललं, तर लॅपटॉपच आपटणार. आन् मोडला तर तुमाला सांगायची बी न्हाय. रडत बसंल एकटी."

"ऊठ."

"काय झालं?"

"पिशवी घे. ओ पावणं, जरा पाय आत घ्या. आमास्नी उतरायचंय."

"अवो, गाडी सुटाय लागलीया!"

"सुटू दे. मागनं दुसरी हाय की."